आकाशातून काढलेल्या फोटोत आपली मुंबई कशावरून ओळखता?

स्लो_लोकल (१२ जुलै, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. आमच्या चुलत-मावस भावंडांच्या ग्रुपवर आज एक फोटो आला. खाली ओळ: "अवकाश स्थानकातून काल टिपलेली आपली मुंबई, अभिमानाने पुढे पाठवा." पुढे कोणी पाठवला नाही, पण भांडणं मात्र मनसोक्त झाली. दादा म्हणाला, ही मुंबई नाहीच, मुंबई अशी दिसत नाही. पुण्याची मावसबहीण म्हणाली, चेन्नई असेल. भावोजी "मुंबईच आहे, टोक दिसतंय" एवढं लिहून जे गायब झाले ते अजून परतलेले नाहीत.

मी जन्मापासून गोरेगावची. शाळेत नकाशे भरून भरून बोटं निळी झालेली. तरी पाच मिनिटं काही उमगेना. मग लक्षात आलं की या फोटोत समुद्र वरच्या बाजूला आहे. फोन आडवा केला, तर तो शहाणा फोटो पुन्हा सरळ करून दाखवी. शेवटी मानच वाकडी केली आणि एकदम, अरेच्चा, हा तर कुलाबा!

त्यावरून मनात आलं ते मांडते. आपल्याला आपलं शहर ओळखता येत नाही, शहराचा नकाशा तेवढा ओळखता येतो. उत्तर दिशा वर नसली की आपण परके. पटतंय का? आणि तुम्ही काय बघून ओळखता?

ता.क. फोटो चढवायला गेले तर "फाइल फार मोठी" म्हणतंय. तोवर वर्णनावर भागवा. वर समुद्र, चांदीच्या ताटासारखा चमकतोय. डावीकडे निमुळतं टोक. मधे मोठा तपकिरी-हिरवा डाग, त्यात तीन काळे ठिपके. त्याखाली काळपट खाडी आणि खाडीच्या कडेने पांढरे चौकोन, कोणी फरशी बसवावी तसे. सगळ्यात खाली तपकिरी सुरकुत्या. पांढरे चौकोन काय आहेत ते कळलेलं नाही.

खाडीकाठ (रात्री १०:५२)

तीन ठिपके म्हणजे तुळशी, विहार, पवई. डाग म्हणजे नॅशनल पार्क. झाली की मुंबई! एवढ्या गर्दीच्या शहराच्या पोटात शंभरेक चौरस किलोमीटर जंगल आणि त्याला चिकटून तीन तलाव, असं दुसरं शहर दाखवा. मला उत्तर कुठे आहे याच्याशी काही देणंघेणं नाही. उलटं करा, सुलटं करा, तलाव तिथेच.

लेट_लतीफ (रात्री ११:०१)

फोटोशिवाय फोटोवर धागा. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

चाळकरी_गिरगाव (रात्री ११:२०)

खाडीकाठ यांचा मुद्दा बरोबर, पण बहुतेक जण किनाऱ्याच्या आकारावरूनच ओळखतात. गंमत अशी की तो आकार देवाने दिलेला नाही, आपण भराव घालून केलेला आहे. सात बेटं होती, मधल्या खाड्या बुजवत बुजवत एक झाली. मरीन ड्राइव्ह भरावावर, नरिमन पॉइंट भरावावर. ज्या कमानीला आपण राणीचा हार म्हणून पाहुण्यांना दाखवतो ती माझ्या पणजोबांना ओळखू आली नसती. त्यांना हा फोटो दाखवला असता तर त्यांनीही चेन्नईच म्हटलं असतं.

अवांतर: पणजोबांच्या वेळी समुद्र चर्नी रोडच्या रुळांच्या किती जवळ होता हे आजी सांगायची, तेव्हा आम्हाला ती थापा मारतेय असं वाटायचं.

नकाशावेडा (रात्री ११:४८)

स्लो_लोकल, मूळ मुद्द्याबद्दल. अवकाश स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवरून फिरतं. अंतराळवीर काचेला कॅमेरा लावून फोटो काढतो तेव्हा तो स्वतः तरंगत असतो. त्याचं डोकं कुठल्या दिशेला आहे याला काही अर्थ नाही. बरं, तो दर वेळी नाकासमोर खाली बघत नसतो, तिरपंही बघतो. तुमच्या फोटोत समुद्र वर म्हणजे तो घाटाच्या वरून कुठून तरी पश्चिमेकडे बघत असणार. मग वर पश्चिम, डावीकडे दक्षिण. म्हणून कुलाबा डावीकडे. सरळ हिशेब आहे.

आणि उत्तर वर हा नियम कागदाचा. १९७२ मधला 'अपोलो १७'चा पृथ्वीचा सगळ्यात प्रसिद्ध फोटो आठवा, निळा गोळा आणि आफ्रिका. मूळ फोटोत दक्षिण ध्रुव वर होता. छापताना लोकांना चक्कर येऊ नये म्हणून फिरवला. तुमचे दादा एकटे नाहीत.

लेट_लतीफ (रात्री ११:५५)

स्थानकाचा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर आहे ना? चर्चगेट ते बोरिवली ३४ किलोमीटर. म्हणजे साडेचार सेकंद. तरी अंधेरीला उतरायचं असेल तर दादरपासूनच दाराशी उभं राहावं लागेल.

खाडीकाठ (रात्री ११:५७)

हसून हसून पुरेवाट. आणि विरारवाले बोरिवलीला उतरू देणार नाहीत ते वेगळंच.

मीटर_डाउन (१३ जुलै, सकाळी ६:१०)

मी टॅक्सी चालवतो, एकोणीस वर्षं. ताईंचं म्हणणं अर्धं पटलं. आमच्या फोनवर नकाशात वर म्हणजे उत्तर नसते, वर म्हणजे पुढे. गाडी वळली की नकाशा वळतो. त्यामुळे उत्तर कुठे हे मला विचारलंत तर मी सूर्य बघून सांगेन.

पण खरी गोष्ट वेगळी आहे. मुंबईच्या माणसाची दिशा रेल्वे ठरवते. ईस्ट म्हणजे पूर्व नाही, ईस्ट म्हणजे रुळाच्या त्या बाजूला. माणूस गाडीत बसल्या बसल्या "वेस्टला घ्या" म्हणतो, त्याला सूर्याशी काय करायचंय? आता वरून काढलेल्या फोटोत रूळ म्हणजे दोरा. दिसला तर दिसला. म्हणून मुंबईकर गोंधळतो. त्याच्या डोक्यातल्या मुंबईचा कणाच फोटोत नसतो.

चाळकरी_गिरगाव (सकाळी ७:३०)

मीटर_डाउन, लाखाचं बोललात. +१. आमच्या सौ. ना दादर ईस्ट-वेस्ट विचारा, डोळे मिटून सांगतील. पूर्व कुठली विचारा, देवघराकडे बोट दाखवतील.

सुरमई (सकाळी ९:१५)

सगळे दिवसाचंच बोलताय. रात्रीचं कोणी बोलत नाही.

मी वेसाव्याची. दिवसाच्या फोटोत मी आमची खाडी शोधते. अलीकडे वेसावे, पलीकडे मढ, मधे ते तोंड. सापडलं की बास, पुढे बघतच नाही. पण रात्रीच्या फोटोत गाव दिसत नाही, सगळं शहर एकच पिवळं-पांढरं होऊन जातं. तिथे ओळखायचं असेल तर जमिनीकडे नाही, समुद्राकडे बघायचं. काळ्या पाण्यात वेगळे वेगळे दिवे असतात ना, ते आमचे.

सुनीता विल्यम्स २०२५ च्या मार्चमध्ये अवकाश स्थानकातून परत आल्या, त्यानंतरच्या पत्रकार परिषदेत त्यांना भारत वरून कसा दिसतो असं विचारलं होतं. हिमालयाबद्दल सगळ्या पेपरांनी छापलं. पण त्या हेही म्हणाल्या होत्या की गुजरात-मुंबईच्या बाजूने येताना किनाऱ्यालगतचा मच्छीमार बोटींचा ताफा खुणेच्या दिव्यासारखा दिसतो, भारत आला हे त्यावरून कळतं. आमच्या गल्लीत तो व्हिडिओ इतक्या वेळा वाजला की सासऱ्यांना पाठ झाला. लोकांना बोंबिलाचा वास तेवढा आठवतो आमचं नाव काढलं की. वरच्या माणसाला आमचा दिवा दिसतो.

आत्ता मात्र दिसणार नाही. १ जून ते ३१ जुलै बंदी. बोटी शाकारून किनाऱ्याला.

अवकाळी (सकाळी ९:४०)

सुरमईताई, रागावू नका, पण त्यातले निम्मे दिवे एलईडीवाल्यांचे असतील. समुद्रात लख्ख उजेड पाडून मासे गोळा करायचे आणि पिल्लांसकट उचलायचे. त्याला बंदी आहे ना?

सुरमई (सकाळी ९:५८)

बंदी आहे. २०१७ पासून. त्या लोकांशी भांडणारे पहिले आम्हीच, माझे दीर दोनदा त्यावरून हमरीतुमरीवर आलेत. आमच्या डोल जाळ्याच्या बोटीला एवढे दिवे परवडतील का? कोणाचा दिवा कुठला हे वरून कळत नाही, हे मात्र खरं.

अवकाळी (सकाळी १०:०२)

मान्य. माघार. सुके बोंबील कधी पाठवताय?

देवगडकर_डोंबिवलीत (सकाळी ११:२५)

मुंबईबद्दल माझं काही म्हणणं नाही, मी तिथे फक्त झोपायला असतो. तेही पूर्ण नाही. पण गाव मी दर पंधरा दिवसांनी वरून बघतो. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातात आणि चित्रं फुकट मिळतात. एक पिक्सेल म्हणजे १० मीटर बाय १० मीटर. घर दिसत नाही. घराची जागा कळते.

आमचं कसं ओळखायचं सांगतो. पहिला सडा. कातळाचा लालसर-काळा पट्टा, उन्हाळ्यात भाजल्यासारखा. पावसात तोच सडा पोपटी होतो, इतका की दुसरं गाव वाटावं. मग खाडी. आणि मेमध्ये सगळं करपलेलं असताना एक गडद हिरवा ठिपका उरतो, ती आमची देवराई. दीडेक एकर, म्हणजे मोजून साठेक पिक्सेल. लहानपणी तिथे काठी तोडायची पण भीती. देवाचा कोप होतो म्हणायचे. आता ऑफिसात जेवायच्या सुट्टीत बघतो आणि साठ आहेत ना, की अठ्ठावन्न झाले, ते मोजतो.

शेजारच्या वाडीची दोन वर्षांपूर्वी कमी झाली. फोन करून विचारलं तर चुलतभाऊ म्हणाला, "तुला रे मुंबईत बसून कसं कळलं?"

लोणारकर (सकाळी ११:४०)

आमचं सोपं आहे. गोल. जवळपास पावणेदोन किलोमीटर व्यास. कुठूनही बघा, कसंही धरा, उत्तर वर असो नाहीतर खाली, वर्तुळ ते वर्तुळच. २०२० च्या जूनमध्ये तर पाणी गुलाबी झालं होतं. खारट पाण्यातल्या सूक्ष्म जीवांमुळे. तेव्हा उपग्रहाच्या चित्रांतही रंग बदललेला दिसत होता.

लेट_लतीफ (सकाळी ११:४३)

या माणसाला भाजीचा भाव विचारला तरी उत्तर लोणार येतं.

हौशी_पाखरू (दुपारी १२:१०)

चीनची भिंत तर चंद्रावरूनही दिसते म्हणतात, मग मुंबई दिसण्यात काय विशेष?

नकाशावेडा (दुपारी १२:१४)

नाही दिसत. चंद्रावरून तर नाहीच. चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई २००३ मध्ये जाऊन आले, त्यांनी स्वतः सांगितलं की मला भिंत दिसली नाही. लांबी कामाची नसते, रुंदी लागते आणि आजूबाजूच्या मातीपेक्षा रंग वेगळा लागतो. आपल्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्यांची फुली भिंतीपेक्षा सोपी.

फुलीवरून आठवलं. सेंटिनेलच्या चित्रात उडतं विमान सापडलं तर ते एक नसतं, लाल-हिरवी-निळी अशी शेजारी शेजारी तीन भुतं दिसतात. प्रत्येक रंगाची नोंद किंचित वेगळ्या क्षणी होते, तेवढ्यात विमान पुढे सरकलेलं असतं. मला सांताक्रूझच्या पश्चिमेला एकदा मिळालं होतं, दोन दिवस सगळ्यांना दाखवत फिरलो. बायको म्हणाली, डाग आहे.

निवृत्त_भूमापक (दुपारी ३:०५)

धागा आजच पाहिला. उगाच पाडलेली जिलबी (रिकामा धागा) असेल असं वाटलं होतं, पण चर्चा चांगली आहे. चौतीस वर्षं टोपोशीट (चढउतार दाखवणारे नकाशे) आणि हवाई छायाचित्रांवर काम केलं, म्हणून चार शब्द.

दिशेपेक्षा मोठा घोटाळा उजेडाचा असतो. आपला मेंदू धरून चालतो की उजेड वरून येतो. उपग्रहाची बरीच चित्रं सकाळी दहा-साडेदहाच्या सुमाराची असतात. उत्तर वर ठेवली तर, खास करून हिवाळ्यात, ऊन आग्नेयेकडून म्हणजे चित्राच्या खालच्या कोपऱ्यातून येतं आणि सावल्या वर पडतात. मेंदू हे मानायला तयार नसतो. तो डोंगराची दरी करतो आणि दरीचा डोंगर. माथेरान खड्ड्यासारखं दिसतं आणि उल्हास नदी उंचवट्यावरून वाहते. आमच्याकडे नवीन आलेली मुलं हमखास फसायची. उपाय साधा, चित्र उलटं धरायचं. ज्याला तुम्ही "उलटा फोटो" म्हणताय, तो डोळ्याला कित्येकदा जास्त खरा असतो.

स्टिरिओस्कोपखाली हा प्रश्न येत नसे. विमानातून एकाच जागेचे दोन फोटो थोड्या अंतराने काढलेले, डाव्या डोळ्याला एक, उजव्याला एक. दोन मिनिटं नजर स्थिर केली की कागदातून डोंगर उठून उभा राहायचा. पहिल्यांदा घाट असा उभा राहिला तेव्हा मी खुर्चीत मागे सरकलो होतो. साहेब हसले होते.

स्लो_लोकल, दोन गोष्टी बघून सांगा. एक, खालच्या सुरकुत्यांच्या सावल्या कुठे पडल्यात. दोन, ते पांढरे चौकोन ज्या खाडीच्या काठाला आहेत, ती खाडी चमकतेय की काळी आहे.

नकाशावेडा (दुपारी ३:३०)

काका, साष्टांग दंडवत. वाचनखूण साठवली.

आणि मला अजून एक शंका आहे. फोटो "कालचा" म्हणे. ११ जुलैला मुंबईवर ढग नसलेला फोटो? आणि सह्याद्री तपकिरी? जुलैत? आत्ता तर कुंड्यांतलं गवतही आवरत नाहीये. स्लो_लोकल, हेही बघा: (अ) वांद्रे-वरळी सागरी सेतू दिसतो का, (आ) शिवडीपासून पलीकडे खाडी ओलांडणारी लांब रेघ आहे का, (इ) वरळी-हाजीअलीच्या किनाऱ्याला भरावाचा नवा काठ आहे का.

स्लो_लोकल (रात्री ९:५०)

बापरे, ऑफिसातून आले तर परीक्षेचा पेपरच वाट बघत होता. लॅपटॉपवर मोठा करून बघितला.

सावल्या खाली, म्हणजे माझ्या दिशेला. सागरी सेतू आहे, चमकत्या पाण्यावर काळी बारीक रेघ, खूप शोधल्यावर. शिवडीहून पलीकडे काहीही नाही, नुसती खाडी. हाजीअलीजवळ भराव दिसत नाही. चौकोनांजवळची खाडी काळपट, अजिबात चमकत नाही. चमकतोय तो फक्त जुहूसमोरचा समुद्र.

नकाशावेडा (रात्री १०:०१)

सापडला चोर! सागरी सेतू आहे म्हणजे २००९ च्या आसपासचा किंवा नंतरचा. शिवडीहून खाडी ओलांडणारा अटल सेतू २०२४ मध्ये सुरू झाला, त्याचं बांधकाम २०१८ पासूनचं. कोस्टल रोडचा भरावही त्याच सुमाराचा. म्हणजे फोटो २००९ ते २०१८ मधला कधीतरीचा. निदान आठ वर्षांचं शिळं "काल".

निवृत्त_भूमापक (रात्री १०:१०)

सावल्या आपल्याकडे आणि समोरचा समुद्र चमकतोय, म्हणजे सूर्य समोर. पश्चिमेला. दुपार कललेली. आणि खाडी चमकत नसताना चौकोन पांढरे आहेत, म्हणजे ते पाण्यावरचं ऊन नव्हे. पाणी असतं तर शेजारच्या खाडीसारखंच काळं दिसलं असतं. ती वस्तूच पांढरी आहे. मिठागरं.

खाडीकाठ (रात्री १०:१२)

अर्थातच! पूर्व द्रुतगती मार्गाच्या पलीकडची. भांडुप, कांजूर, वडाळा. मी रोज तिथून जात होतो आणि मला सुचलं नाही, लाज वाटली. गाडीतून ती आडवी दिसतात, नुसता एक पांढरा पट्टा. चौकोन वरूनच दिसणार.

स्लो_लोकल (रात्री ११:१५)

हे लिहायलाच पुन्हा आले. सासूबाई माहेरच्या कांजूरगावच्या, वय ७८. त्यांचे वडील मिठागरावर मुकादम होते, हे लग्नानंतर हजार वेळा ऐकलंय आणि तरी चौकोन बघून माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आत्ता लॅपटॉप त्यांच्यासमोर धरला. म्हटलं, आई, ओळखा.

कुलाबा ओळखता आला नाही. तलाव नाही. "हे काय गं, गोधडी?" म्हणाल्या. खाडीकाठ, तुमचे तीन तलाव दाखवले तर म्हणाल्या, "असतील." मग चौकोनांवर मोठं करून दिलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे मिठाचं आगर. वैशाख चाललाय."

म्हटलं, कशावरून? तर म्हणाल्या, सगळे वाफे पांढरे आहेत म्हणजे मीठ धरलंय, आणि अजून उचललेलं नाही. बांधावर ढीग लागले की वाफे मळके दिसतात. पाऊस यायच्या आत उचलायची घाई असते, घरातली पोरंसुद्धा जुंपायचे. मग पायांना मीठ लागून भेगा कशा पडायच्या आणि रात्री त्यावर काय लावायचे, ते सगळं झालं. अकरा वाजले. आत्ता झोपल्या.

म्हणजे गाव ओळखलंच नाही त्यांनी. महिना ओळखला. माझा वरचा मुद्दा मी मागे घेते की नाही ते उद्या ठरवीन.

देवगडकर_डोंबिवलीत (रात्री ११:२२)

भेगांवर काय लावायचे ते लिहा ना.

स्लो_लोकल (रात्री ११:२६)

खोबरेल आणि मेण गरम करून. आणि दादाला आत्ता ग्रुपवर कळवलंय की फोटो मुंबईचाच, पण निदान आठ वर्षांपूर्वीचा, उन्हाळ्यातला, दुपारनंतरचा. त्याने अंगठा दिलाय. भावोजी परत आलेत, "मी म्हटलं होतं" म्हणून.

सुरमई (रात्री ११:३०)

मे म्हणजे बोटी पाण्यात असणार. रात्रीचा काढला असता तर आम्हीही असतो फोटोत.

लेट_लतीफ (१४ जुलै, सकाळी ८:०५)

सगळं झालं. आता फोटो टाका.

स्लो_लोकल (सकाळी ८:४०)

भाच्याने फाइल लहान करून दिली. हा घ्या.

[चित्र: मुंबई_काल.जेपीजी]

हौशी_पाखरू (सकाळी ८:४४)

ताई, उलटा चढलाय.

निवृत्त_भूमापक (सकाळी ८:४६)

राहू द्या. तसाच बघा.